जायबंदी शिपाई आणि राष्ट्रीय उद्यानांचें दार

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ज्याला राष्ट्रीय उद्यान म्हणतात, तें कारंजीं, फुलांचे ताटवे आणि लोखंडी बांकें यांनीं सजविलेलें शहरांतील उद्यान नव्हे. एखाद्या जिल्ह्याएवढा डोंगराळ, जंगली प्रदेश, त्यांतील नद्या, सरोवरें, उकळत्या पाण्याचे झरे आणि वन्य पशु यांसह राष्ट्राच्या मालकीचा म्हणून राखून ठेवावयाचा व तो पाहण्याची सर्व जनतेस मोकळीक द्यावयाची, अशी ही कल्पना आहे. १ मार्च १८७२ रोजीं अध्यक्ष ग्रँट यांनीं यलोस्टोनच्या कायद्यावर सही केली, तेव्हां तिला मूर्त रूप आलें. मुलांमाणसांसह मोटारीनें जावें, रानांत तंबू ठोकावा, रात्रीं शेकोटी पेटवावी आणि चार दिवस मोकळ्या हवेंत काढावे, हा त्या देशांतील सामान्य कुटुंबाचा सुट्टीचा कार्यक्रम होऊन बसला आहे. यांतील पुष्कळ उद्यानांत शिरण्यास फी पडते, आणि तंबूच्या जागेचें भाडें वेगळें द्यावें लागतें. युद्धांत हात, पाय किंवा डोळे गमावून आलेल्या शिपायाकडून ही फी व हें भाडें घ्यावें कीं नाहीं, आणि घेऊं नये असें म्हटल्यास कोणत्या नात्यानें घेऊं नये, हा प्रश्न दिसावयास लहान; रकमाहि लहानच. पण त्याचें उत्तर शोधण्यास त्या श्रीमंत राष्ट्राला शंभरावर वर्षें लागलीं, आणि तें उत्तर अजूनहि सरळ एका वाक्यांत सांगतां येण्यासारखें नाहीं.

या इतिहासाच्या उंबरठ्यावरच एक जायबंदी शिपाई उभा आहे, ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षांत येते. त्याचें नांव जॉन वेस्ली पॉवेल. अमेरिकेंत उत्तरेकडील व दक्षिणेकडील संस्थानांमध्यें यादवी युद्ध जुंपलें, तेव्हां हा शाळामास्तर उत्तरेच्या सैन्यांत दाखल झाला. ६ एप्रिल १८६२ रोजीं शायलोच्या लढाईंत, तोफ डागण्याची खूण करण्यासाठीं त्यानें उजवा हात वर केला, आणि त्याच क्षणीं बंदुकीची गोळी त्या हातांत शिरली. हात कोपराखालीं कापून टाकावा लागला. बरा होतांच तो पुन्हा तोफखान्यांत रुजू झाला व व्हिक्सबर्गच्या वेढ्यांतहि त्यानें काम केलें. कापलेल्या हाताच्या टोकाशीं असलेल्या मज्जातंतूंची वेदना त्याला जन्मभर पुरली.

युद्ध संपलें. पॉवेल भूगर्भशास्त्राचा अध्यापक झाला, आणि १८६९ सालीं त्यानें असें एक साहस आरंभिलें कीं, दोन हात धड असलेल्या मनुष्यानेंहि तें करण्यापूर्वीं दहा वेळां विचार करावा. कोलोरॅडो नदी ज्या प्रचंड दरींतून वाहते, तो ग्रँड कॅन्यन त्या वेळीं अमेरिकेच्या नकाशावर जवळजवळ कोराच होता. २४ मे १८६९ रोजीं नऊ माणसें व चार होड्या घेऊन तो ग्रीन नदीच्या कांठावरून निघाला. पहिल्या होडीस त्यानें आपल्या पत्नीचें नांव दिलें होतें. दोन आठवडे उलटतात न उलटतात तोंच एक होडी खडकांवर आपटून फुटली व तिच्याबरोबर बरीचशी शिधासामुग्री गेली. पुढें एके दिवशीं एक कडा चढत असतां पॉवेल अशा जागीं अडकला कीं, पाय उचलावा तर तोल जावा आणि एकुलत्या एका हातानें धरलेला खडक सोडावा तर खालीं दरी. त्याचा सोबती ब्रॅडली वरच्या कंगोऱ्यावर होता, पण त्याच्याजवळ दोर नव्हता. त्यानें आपली आंतली विजार काढून खालीं सोडली. पॉवेलनें खडक सोडून ती झडप घालून पकडली आणि तो वांचला. प्रसंग जिवावरचा खरा. पण इतिहासाला हंसूं येईल अशी सामुग्रीहि कधीं कधीं दैव पुरवितें! २८ ऑगस्टला तिघे सोबती कंटाळून दरी चढून निघून गेले, ते पुढें मारले गेले. उरलेले लोक दोनच दिवसांत दरीच्या बाहेर सुखरूप पडले. १८७१ सालीं दुसऱ्या सफरीस निघतांना पॉवेलनें होडीवर एक हातांची खुर्ची बांधून घेतली होती. तीवर बसून तो पुढचें पाणी न्याहाळी. पुढें १८८१ पासून १८९४ पर्यंत तो सरकारच्या भूगर्भ-पाहणी खात्याचा प्रमुख होता.

ज्या दरीचें दर्शन घेण्यासाठीं आज जगांतून लोक येतात, ती प्रथम आरंभापासून शेवटपर्यंत पाहून तिचा शास्त्रीय वृत्तांत जगापुढें ठेवणारा मनुष्य एका हाताचा शिपाई होता. ग्रँड कॅन्यन १९१९ सालीं राष्ट्रीय उद्यान झाला. तेथें पॉवेलचें स्मारक उभारलेलें आहे. परंतु त्याच्यासारख्या दुसऱ्या शिपायास त्या दारांतून कोणत्या अटींवर आंत घ्यावयाचें, याविषयीं कायदा पुढेंहि साठ वर्षें मुकाच राहिला.

याचा अर्थ अमेरिकेनें आपल्या जायबंदी शिपायांस वाऱ्यावर सोडलें होतें, असा मुळींच नाहीं. यादवी युद्धांत हात-पाय कापण्याच्या सुमारें साठ हजार शस्त्रक्रिया झाल्या असाव्यात, असा अंदाज आहे. एवढी थोटी, लंगडी माणसें गांवोगांव दिसूं लागल्यावर कोणत्याहि सरकारास डोळे मिटून बसतां आलें नसतें. १८६२ च्या निवृत्तिवेतनाच्या कायद्यानें पूर्णपणें निकामी झालेल्या साध्या शिपायास दरमहा आठ डॉलर व लेफ्टनंट कर्नल किंवा त्यावरील अधिकाऱ्यास तीस डॉलर ठरविले गेले. निकामी कोणास म्हणावयाचें, तर अंगमेहनतीचें काम ज्याच्यानें होत नाहीं त्यास. ही व्याख्या जरा बारकाईनें पाहण्यासारखी आहे. मनुष्याच्या देहाचें मोल त्याच्या मजुरीवरून करावयाचें, त्याला सूर्योदय पाहतां येतो कीं नाहीं, डोंगर चढतां येतो कीं नाहीं, हा प्रश्नच विचारावयाचा नाहीं! पोटाची सोय केली म्हणजे राष्ट्राचें देणें फिटलें, अशी त्या पिढीची समजूत होती. आणि केवळ त्याच पिढीची होती, असेंहि म्हणवत नाहीं.

३ मार्च १८६५ रोजीं, म्हणजे खून होण्यापूर्वीं दीडच महिना, अध्यक्ष लिंकन यांनीं जायबंदी स्वयंसैनिकांसाठीं राष्ट्रीय निवासगृह स्थापण्याच्या कायद्यावर सही केली. पहिलें गृह १८६६ सालीं मेन संस्थानांतील टोगस येथें उघडलें. त्यामागोमाग मिलवॉकी व डेटन येथें अशींच गृहें झालीं. येथें एक मौजेची उलटापालट झाली. या गृहांभोंवतालची जमीन विस्तीर्ण असे. तेथें वळणावळणाचे रस्ते, तळीं, वृक्षराजी, कांचेचीं फूलघरें अशी शोभा करण्यांत आली. शहरांतील लोक रविवारीं फराळाचे डबे घेऊन गाडींतून तेथें सहलीस येऊं लागले. डेटनच्या बागा पाहण्यास तर आगगाडीनें दूरदूरचे हजारों लोक येत. म्हणजे, शिपायांस उद्यानांत जाण्याची सोय कोणी केली नव्हती. मात्र शिपायांचें घर हेंच जनतेचें उद्यान झालें होतें. निळा गणवेश घातलेले, कुबड्या घेऊन बांकांवर बसलेले म्हातारे हे त्या सहलींतील एक प्रेक्षणीय स्थळ होतें, असें म्हटलें तर तें कडू वाटेल. पण खोटें ठरणार नाहीं.

तिकडे दूर पश्चिमेस राष्ट्रीय उद्यानांची राखण मात्र शिपाईच करीत होते. यलोस्टोनमध्यें शिकारी व लांकूडचोर यांचा सुळसुळाट झाल्यानें १८८६ सालीं तें उद्यान सैन्याच्या हवालीं करण्यांत आलें, तें १९१८ पर्यंत सैन्याकडेच राहिलें. कॅलिफोर्नियांतील योसेमिटी व सिकोया येथेंहि घोडदळाच्या पलटणी उन्हाळ्यांत गस्त घालीत. त्यांत कांहीं पलटणी नीग्रो शिपायांच्या होत्या. १९०३ सालीं सिकोयाचा कारभार कॅप्टन चार्ल्स यंग या नीग्रो अधिकाऱ्याकडे होता. गुलामगिरींत जन्मलेल्या या मनुष्यानें एका उन्हाळ्यांत महावृक्षांच्या वनापर्यंत गाडीरस्ता पुरा करून दिला.

या यंगच्या पुढील चरित्रांत प्रस्तुत विषयाला स्पर्श करणारी एक गोष्ट आहे. १९१७ सालीं अमेरिका पहिल्या महायुद्धांत उतरली. यंग तोंपर्यंत कर्नलच्या पायरीस येऊन ठेपला होता. त्याला बढती मिळाली असती तर गोऱ्या अधिकाऱ्यांस त्याच्या हाताखालीं काम करावें लागलें असतें. त्याच सुमारास वैद्यकीय तपासणींत त्याचा रक्तदाब वाढलेला आढळला आणि त्याला नोकरीस असमर्थ ठरवून निवृत्त करण्यांत आलें. यंगनें तक्रारअर्जांवर भिस्त ठेवली नाहीं. जून १९१८ मध्यें ओहायो संस्थानांतील आपल्या घरापासून राजधानी वॉशिंग्टनपर्यंत सुमारें पांचशें मैल तो घोड्यावर बसून गेला, केवळ आपली प्रकृति धड आहे हें दाखविण्यासाठीं! सैन्यानें त्याला परत घेतलें, पण तें युद्ध संपण्यास अवघे पांच दिवस उरले असतां. असमर्थतेचा दाखला ही वस्तु किती दुधारी आहे, हें यावरून दिसून येईल. ज्याला नको त्याच्या गळ्यांत तो अडकविला जातो, आणि ज्याला हवा असतो त्याला तो मिळविण्यासाठीं दारोदार हिंडावें लागतें.

आतां फीचें प्रकरण. आरंभीं उद्यानांत येणारे लोक आगगाडीनें येत, घोड्यांच्या गाड्यांतून फिरत व हॉटेलांत उतरत. ते बहुधा धनिक असत, आणि दारावर फी घेण्याचा प्रश्न फारसा उद्भवला नाहीं. मोटार आली, आणि सगळें बदललें. १९०८ सालीं वॉशिंग्टन संस्थानांतील माउंट रेनियर उद्यानानें मोटारींना प्रथम प्रवेश दिला व त्याबरोबरच फीहि बसविली. यलोस्टोनमध्यें मोटारी १९१५ सालीं शिरल्या. २५ ऑगस्ट १९१६ रोजीं अध्यक्ष विल्सन यांच्या सहीनें राष्ट्रीय उद्यानांचें स्वतंत्र खातें स्थापन झालें आणि स्टीफन मॅथर हा त्याचा पहिला संचालक झाला. मोटारींच्या फीवर उद्यानांचा खर्च भागावा, अशी त्याची उमेद होती. मोटार घेऊन येणारा पैसे देई. तंबू ठोकण्यास मात्र बहुतेक ठिकाणीं दीर्घकाळ कांहीं पडत नसे. मध्यमवर्गीय कुटुंबांच्या दृष्टीनें तो सुकाळच होता. जायबंदी शिपायासाठीं वेगळी सूट काढण्याचें कोणाच्या मनांत आलें नाहीं, यांत नवल नाहीं. जेथें मुक्काम फुकट, तेथें सवलत कसली?

परंतु फी हाच कांहीं एकमेव अडसर नव्हता. पायऱ्या, दगडी पाऊलवाटा, अरुंद दारें हेहि अडसरच होते, आणि ते कोणत्याहि तिकिटापेक्षां भारी होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं एका उद्यानानें जायबंदी शिपायांस खरोखरीच पोटाशीं घेतलें. योसेमिटीच्या खोऱ्यांत १९२७ सालीं बांधलेलें अहवाहनी नांवाचें डौलदार हॉटेल आरमारानें १९४३ सालीं ताब्यांत घेतलें व त्याचें रुग्णालय केलें. १९४५ च्या अखेरीपर्यंत सहा हजारांहून अधिक खलाशी व सैनिक तेथें राहून गेले. आरंभीं मनावर आघात झालेल्यांस तेथें ठेवावें असा बेत होता. पण चहूंकडून उभे असलेले उंच कडे आणि तो एकांत अशा रोग्यांस मानवत नाहीं, असें दिसून आलें. मग शरीरानें जखमी झालेल्यांच्या पुनर्वसनाकडे त्याचा अधिक उपयोग करण्यांत आला. निसर्गाच्या कुशींत गेलें कीं सर्व दुःखें दूर होतात, असें म्हणणाऱ्यांनीं ही हकीकत विसरूं नये. निसर्ग हें औषध खरें, पण तें कोणाला, केव्हां व किती द्यावयाचें हेंहि पाहावें लागतें.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींचा पूर लोटला, आणि उद्यानांतील रस्ते, नळ, शौचकूप व मुक्कामाच्या जागा यांचा खर्च आवाक्याबाहेर गेला. तेव्हां १९६४ सालीं काँग्रेसनें, म्हणजे तेथील विधिमंडळानें, भूमि व जल संरक्षणाच्या निधीचा कायदा केला. तो १९६५ पासून अमलांत आला. त्यानें निरनिराळ्या सरकारी खात्यांच्या ताब्यांतील रम्य स्थळीं फी घेण्यास एकसूत्री आधार दिला, आणि सात डॉलर भरून वर्षभर कोठेंहि शिरतां यावें असा एक पास काढला. ‘गोल्डन ईगल’, म्हणजे सोनेरी गरुड, हें त्याचें नांव. लोकांची कुरकुर झाली. काँग्रेसनें पास बंद करावयाचा व पुन्हा चालू ठेवावयाचा असा खेळ कांहीं वर्षें केला. शेवटीं १९७२ च्या कायद्यानें त्याची घडी बसली. त्याच कायद्यानें बासष्ट वर्षें वा त्यावरील नागरिकांस ‘गोल्डन एज’ नांवाचा, फुकट प्रवेश देणारा पास मिळाला. म्हातारपणाला सोनेरी म्हणण्याची ही शक्कल सरकारी कारकुनांची असेल असें वाटत नाहीं!

वृद्धांस सवलत मिळाली, पण अपंगांस नाहीं. याच वेळीं व्हिएटनामच्या युद्धांतून तरुण मुलें घरीं येत होतीं. पूर्वींच्या युद्धांत जी माणसें रणांगणावरच दगावलीं असतीं, त्यांतील पुष्कळांस हेलिकॉप्टरनें वेळींच उचलून रुग्णालयांत पोंचविल्यामुळें जीव मिळाला होता. पण पाठीचा कणा दुखावलेला, दोन्ही पाय गेलेले असे ते आयुष्यभर चाकांच्या खुर्चीला बांधले गेले. वीस-बावीस वर्षांचा मुलगा, बासष्टी गांठण्यास चाळीस वर्षें अवकाश. शिवाय केवळ शिपायांचाच नव्हे, तर सर्वच अपंगांचा आवाज या दशकांत उठूं लागला. १९६८ च्या कायद्यानें सरकारी पैशानें बांधलेल्या इमारतींत अपंगांस शिरतां आलें पाहिजे असें ठरलें होतें, आणि १९७३ च्या पुनर्वसन कायद्यानें सरकारी मदतीच्या कामांत अपंगत्वामुळें कोणास वगळण्यास बंदी केली होती. ८ सप्टेंबर १९८० रोजीं काँग्रेसच्या ज्या कायद्यास मान्यता मिळाली, त्यानें या दोन्हींस पूरक असें तिसरें पाऊल टाकलें. अंध किंवा कायमचा अपंग असलेल्या नागरिकास ‘गोल्डन ॲक्सेस’ नांवाचा पास जन्मभरासाठीं, एक पैहि न घेतां, देण्यांत येऊं लागला. प्रवेश फुकट, तंबूच्या जागेचें भाडें निम्में. ज्या जागेस रात्रीचे तीस डॉलर पडावेत, तेथें पंधरा.

या कायद्याची खरी खुबी, आणि त्याचबरोबर त्याचें न्यून, येथेंच आहे. जायबंदी शिपायास ही सवलत मिळाली ती तो शिपाई होता म्हणून नव्हे, तर तो अपंग होता म्हणून. जन्मतः आंधळा असलेला शेतकरी, यंत्रांत हात गेलेला कामगार आणि लढाईंत पाय गेलेला सैनिक हे तिघेहि त्या खिडकीपुढें एकाच रांगेंत उभे. यांत शिपायाचा अपमान झाला असें मानणारे लोक तेव्हांहि होते व पुढेंहि राहिले. ‘राष्ट्रासाठीं गेलेला पाय आणि अपघातांत गेलेला पाय एकच काय?’ हा त्यांचा प्रश्न. हा प्रश्न टाकाऊ नाहीं. पण रांग एक असण्यांतहि एक मोठेपणा आहे. उद्यान राष्ट्राच्या मालकीचें. मग ज्याला तें उपभोगण्यास अधिक कष्ट पडतात त्याच्यावर पैशाचा बोजा कमी असावा, एवढेंच त्या कायद्याचें म्हणणें होतें. कष्ट कोठून आले हें विचारण्याचें त्यानें टाळलें. शिपाई या रांगेंत उभा राहिला म्हणून लहान झाला नाहीं.

खरी अडचण निराळीच होती. सैनिक खातें अपंगत्वाचें माप शेंकड्यांनीं करतें: दहा, वीस, तीस, असें शंभरापर्यंत. एखाद्याच्या कानांचें ऐकणें गेलें म्हणजे इतके टक्के, गुडघा आखडला म्हणजे इतके. उद्यानाचा कायदा मात्र शेंकडा विचारीत नाहीं; अपंगत्व कायमचें आहे ना, आणि त्यानें रोजच्या जीवनांतील एखादी मुख्य क्रिया बरीच अडते ना, एवढेंच पाहतो. शंभर टक्के अपंग असण्याची अट तेथें नाहीं, हें पुष्कळ शिपायांस ठाऊकच नसे. पन्नास टक्क्यांचा कागद घेऊन कशाला जावें, आपल्याला कोण देणार, असें म्हणून ते घरींच बसत. शिवाय ज्याचे हात-पाय शाबूत, पण मन युद्धानें पोळलेलें, त्यानें काय करावें? कायद्याच्या भाषेंत मनाचें अपंगत्वहि येतें. परंतु दारावरच्या माणसापुढें, मागें मोटारींची रांग लागलेली असतां, दिसायला धडधाकट मनुष्यानें अपंगाचा पास काढून दाखविणें याला कांहीं वेगळेंच धैर्य लागतें. तें धैर्य कोणत्याहि कायद्यास पुरवितां येत नाहीं.

डिसेंबर २००४ मध्यें काँग्रेसनें सरकारी भूमीवरील फीचा नवा कायदा केला, आणि १ जानेवारी २००७ पासून सोनेरी नांवांचे जुने पास जाऊन ‘अमेरिका द ब्यूटिफुल’ या एका नांवाखालीं नवे पास आले. सर्वसाधारण वार्षिक पासास तेव्हां ऐशीं डॉलर पडत. वृद्धांस जन्मभराचा पास दहा डॉलरांत मिळे. २०१७ च्या ऑगस्टपासून त्याचेहि ऐशीं डॉलर झाले. अपंगांचा पास मात्र फुकटच राहिला. त्याचें नांव नुसतें ‘ॲक्सेस पास’ झालें. मोटारीवर फी असेल तेथें हा पास दाखविणाऱ्याबरोबर त्याच गाडींतील माणसेंहि आंत जातात, आणि माणशीं फी असेल तेथें त्याच्यासह तीन प्रौढ. आंधळ्याला कोणी हात धरून न्यावें लागतें, एवढी माणुसकीची जाण त्या नियमांत आहे.

यानंतर शिपायास शिपाई म्हणून मान देण्याची चळवळ जोर धरूं लागली. मे २०१२ मध्यें नोकरीवर असलेल्या सैनिकांस व त्यांच्या कुटुंबांस वर्षाचा पास फुकट मिळूं लागला. पण निवृत्त झाला कीं हक्क संपला! लढाईवर असतांना ज्याला उद्यानांत जाण्यास सवड नाहीं त्याला पास, आणि घरीं परत आल्यावर ज्याला सवड आहे त्याला नाहीं, असा हा न्याय होता. तो दूर होण्यास आणखी आठ वर्षें गेलीं. ११ नोव्हेंबर २०२०, म्हणजे तेथील माजी सैनिकदिन, या दिवसापासून सर्व माजी सैनिकांस आणि सेवेंत मृत्यु आलेल्या सैनिकांच्या कुटुंबीयांस प्रवेश फुकट झाला. मात्र हा खात्याचा निर्णय होता, कायदा नव्हता. आज एका मंत्र्यानें दिलें तें उद्यां दुसरा काढून घेऊं शकला असता.

कायदा झाला तो एका दुःखद घटनेच्या मागून. अलेक्झांडर लॉफ्ग्रेन हा अफगाणिस्तानांत लढून आलेला माजी सैनिक ॲरिझोनाचे काँग्रेस-सभासद राऊल ग्रिहाल्वा यांच्या कार्यालयांत काम करीत होता. एप्रिल २०२१ मध्यें डेथ व्हॅली या अतिउष्ण, ओसाड उद्यानांत मुक्कामास गेला असतां तो अडकला, आणि शोध लागला तेव्हां त्याचा मृत्यु झालेला होता. माजी सैनिकांस उद्यानें जन्मभर खुलीं करणाऱ्या विधेयकास त्याचें नांव देण्यांत आलें. तें त्या वर्षाच्या संरक्षणखर्चाच्या कायद्यांत अंतर्भूत होऊन २७ डिसेंबर २०२१ रोजीं त्यावर अध्यक्षांची सही झाली, आणि २०२२ च्या माजी सैनिकदिनापासून सैनिकांचा आजीव पास प्रत्यक्ष हातांत पडूं लागला.

येथें प्रकरण संपलें असें वाटेल. पण येथेंच त्यांतील गंमत आहे. सैनिकाच्या आजीव पासानें दार उघडतें, तंबूचें भाडें मात्र कमी होत नाहीं. भाडें निम्मे करण्याची शक्ति जुन्या अपंगांच्या पासांत राहिली आहे. म्हणजे ज्या शिपायाजवळ राष्ट्रसेवेचा पास आहे त्याला मुक्कामाचे पुरे पैसे, आणि ज्याच्याजवळ अपंगत्वाचा आहे त्याला निम्मे. जायबंदी शिपायानें अभिमानाकडे पाहून पहिला पास काढला, तर रात्रीं त्याचा खिसा त्याला दुसऱ्याची आठवण करून देईल! व्यवहारी माणसें दोन्ही पास काढतात, कारण दोन्ही फुकटच आहेत. बरें, निम्म्या भाड्याचा नियमहि सर्वत्र सारखा नाहीं. पासवाल्याच्या स्वतःच्या एका जागेपुरताच तो बहुधा लागू होतो. मोठ्या जमावाच्या तळांना सहसा नाहीं. आणि जेथें मुक्कामाची व्यवस्था खासगी ठेकेदाराकडे आहे तेथें आधींच चौकशी केलेली बरी.

संस्थानांच्या मालकीचीं उद्यानें हें तर आणखी वेगळें जंगल. मध्यवर्ती सरकारचा पास तेथें चालत नाहीं. प्रत्येक संस्थानाचा कायदा स्वतंत्र, आणि येथें पुन्हा ते शेंकडे डोकें वर काढतात. वॉशिंग्टन संस्थानांत राहणाऱ्या माजी सैनिकाचें सेवेमुळें आलेलें अपंगत्व निदान तीस टक्के असलें, तर त्याला जन्मभराचा पास मिळतो व मुक्कामहि फुकट असतो. कॅलिफोर्नियांत हा आंकडा पन्नास आहे. तेथें त्या पासाबरोबर संस्थानी उद्यानांतील प्रवेश व मुक्काम दोन्हीं माफ होतात, आणि युद्धकैदी होऊन आलेला किंवा सर्वोच्च शौर्यपदक मिळविलेला सैनिकहि त्यास पात्र ठरतो. टेक्ससमध्यें आंकडा साठ, किंवा पाय निकामी झालेला असावा लागतो. आणि माफी प्रवेशाची. आतां चाळीस टक्के अपंग ठरलेला एक शिपाई घ्या. तो सिअ‍ॅटलला राहत असेल तर संस्थानी उद्यानांत तंबूस कांहीं पडत नाहीं. लॉस एंजल्सला राहावयास गेला तर तो पास त्याला मिळत नाहीं. डॅलसच्या बाजूस गेला तर गुडघा तोच, वेदना तीच, पण दारावर पैसे मोजावे लागतील. एका राष्ट्राच्या झेंड्याखालीं लढतांना त्याला कोणी संस्थान विचारलें नव्हतें.

‘गोल्डन ॲक्सेस’चे जुने पास मात्र रद्द झालेले नाहींत. जन्मभर म्हणून दिलेला शब्द सरकारनें पाळला आहे. १९८० नंतरच्या वर्षांत ज्या शिपायांनीं ते काढले, त्यांच्या पाकिटांत अजून कोठें कोठें तीं जुनीं पत्रें आहेत. कडा झिजलेल्या, अक्षरें पुसट झालेलीं. दारावरचा माणूस तीं हातांत घेतो, ओळखपत्राशीं ताडून पाहतो आणि गाडी आंत सोडतो. आणि मुक्कामाच्या जागेवर भाड्याची पावती निम्म्या रकमेची होते. पत्र अगदींच वाचेनासें झालें असेल तर त्याच्या बदल्यांत नवा पास, पुन्हा फुकटच, मिळतो.